बाहेर आलो म्हणेपर्यंत

हॅलोताईंबद्दल स्टोअरकाकांना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. एका ऑफिसात वर्षानुवर्षं बसलं की माणूस आपोआप कळतो असं लोक धरून चालतात, पण तसं काही नसतं. ताई फोनपाशी बसायच्या आणि काका जाळीच्या खिडकीमागे, लिफ्टच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये. जाळीतून ताईंची पाठ दिसायची, केसांत खोचलेलं पेन दिसायचं आणि दिवसभर आवाज यायचा. त्यांच्या नवऱ्याला काकांनी एकदाच पाहिलं, तेही पाठमोरं. त्यांना काय आवडायचं, त्या एकट्या असल्या की काय विचार करायच्या, हे काकांना सांगता येणार नाही. आवाज मात्र पाठ होता. तेव्हा पुढे जे आहे ते बहुतेक आवाजावरून लावलेलं आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. गावभर पसरलेल्या इमारती, त्यांच्या लिफ्टा आणि त्या चालत्या ठेवणारे मिस्त्री. लिफ्ट बंद पडली की फोन ताईंकडे. कुणी आत अडकलं तरी ताईंकडेच. मग त्या मिस्त्री पोचेपर्यंत त्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायच्या. “घाबरू नका हं. लिफ्ट पडत नसते. बरोबर कोण आहे? कुणी नाही? मग मी आहे की. घरी आज काय केलंय जेवायला?” मिस्त्र्यांनीच त्यांचं नाव हॅलोताई पाडलं. पुढे मोठे मालकही त्याच नावाने हाक मारायला लागले.

असा एकदा सोडवलेला धिप्पाड गृहस्थ ताईंना बघायला मुद्दाम ऑफिसात आला होता. टेबलामागची मूठभर बाई बघून तो म्हणाला, “फोनवर मोठ्या वाटला होता तुम्ही.”

“फोनवर सगळेच मोठे असतात,” ताई म्हणाल्या.

गंमत अशी की, दिवसभर लोकांची लिफ्टची भीती घालवणाऱ्या ताई स्वतः कधी लिफ्टमध्ये पाऊल ठेवायच्या नाहीत. कितीही मजले असोत, जिन्याने. मिस्त्री चिडवायचे, “ताई, आपल्याच ऑफिसला एक बसवू का?” त्यावर उत्तर ठरलेलं, “बसवा, बसवा. मी माझं टेबल तळमजल्यावर घेते.” सगळे हसायचे. काकांना मात्र कधीकधी वाटायचं की, ही बाई हसत नाहीये.

कारणही होतं म्हणा. मिस्त्र्यांमध्ये एक त्यांचा धाकटा दीर होता. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा. त्यांनीच त्याचा अभ्यास घेतला, त्यांनीच मोठ्या मालकांकडे शब्द टाकून त्याला इथे चिकटवला. सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. “माझा पोरगा त्या अंधाऱ्या विहिरीत उतरवणार तू?” असं त्या म्हणाल्या होत्या. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून ताईंनी अगदी त्यांच्या कानाशी जाऊन वचन दिलं, “रोज संध्याकाळी तुमच्यासमोर आणून उभा करीन.” ही गोष्ट दिरानेच स्टोअरच्या खिडकीशी उभं राहून हसत हसत सांगितली होती. आणि खरोखरच तो येईपर्यंत ताई संध्याकाळी ऑफिस सोडायच्या नाहीत. मग दोघं बरोबर निघायची. “भावोजी, डबा घेतलात ना?” “घेतला, वहिनी.” रोज तेच.

पूर्वी ऑफिसात एक लाकडी फळा होता, खिळे मारलेला. प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड, प्रत्येक कार्ड एका खिळ्यावर. काम झालं की ताई कार्ड उलटं करायच्या. उलट्या कार्डांची बिलं जायची. महिनाअखेर आली की मोठे मालक आतून आवाज द्यायचे, “ताई, उरलेली उलटी करून टाका, बिलं जाऊ देत.” ताई उलटी करायच्या. एखादं काम थोडं राहिलेलं असायचं, मिस्त्री फोनवर सांगायचा, “धरून चाला, झालंच आहे,” की तेही कार्ड उलटं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. फळ्यावर कार्ड उलटं झाल्याने कुठली लिफ्ट हलत नाही.

मग धाकट्या मालकांनी सिस्टीम आणली. प्रत्येकाच्या टेबलावर स्क्रीन, प्रत्येक मिस्त्र्याच्या हातात फोन. ताईंनी तक्रार लिहिली की ती जवळच्या मिस्त्र्याला दिसणार. त्याने सामान मागितलं की काकांना दिसणार. काम पूर्ण झालं की अकाउंटवाल्याला दिसणार. “आता कुणाला कुणाकडे उठून जायला नको,” धाकटे मालक म्हणाले. खोटं नव्हतं ते. पूर्वी मिस्त्री गावाच्या त्या टोकाहून दोरासाठी यायचा आणि स्टोअरमध्ये दोरच नसायचा. मग तो काकांच्या नावाने बोटं मोडायचा. ते सगळं थांबलं. काकांना सिस्टीम आवडली असं म्हणता येणार नाही, पण तिने काम सोपं केलं हे कबूल करायला हवं.

फक्त ऑफिस फार शांत झालं. कुणी उठायचंच नाही.

पुढे इमारतींचे वॉचमन कुरकुर करायला लागले. लिफ्ट दुरुस्त झाली की नाही हे आम्हाला कुणी सांगत नाही म्हणाले. म्हणून धाकट्या मालकांनी सिस्टीमवाल्याकडून आणखी एक सोय करून घेतली. ताईंनी कॉल, म्हणजे तक्रार, बंद केला की वॉचमनला आपोआप मेसेज जाणार. सगळ्यांच्या स्क्रीनच्या वरच्या बाजूला तशी एक पिवळी ओळ आली होती. काकांनी ती पाहिली होती. वाचली होती असं मात्र सांगता येत नाही. स्क्रीनवर रोज काही ना काही पिवळं येतच होतं.

त्या दिवशी सकाळी ताईंचा दीर खिडकीशी आला.

“काका, पिटचं लाल बटण द्या एक. त्या जुन्या इमारतीतलं अडकलंय. दाबलं तरी दबत नाही.”

लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्याला मिस्त्री पिट म्हणतात. वर लिफ्ट टांगलेली आणि खाली मिस्त्री. उतरल्याबरोबर भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, म्हणजे वरून कुणी काही केलं तरी लिफ्ट जागची हलत नाही. आणि मोडलं होतं ते नेमकं तेच.

“मग तू उतरणार कशाच्या भरवशावर?” काकांनी विचारलं.

“गच्चीवर मशीनरूममध्ये मेन स्विच आहे ना. तो बंद करतो, वर पाटी लावतो. तुम्ही आणि वहिनी एकाच शाळेत होता काय हो?”

काकांनी बटण दिलं. तो शीळ घालत गेला. थोड्या वेळाने ताईंचा फोन वाजला आणि जाळीतून बोलणं ऐकू आलं. “उतरताय? बरं. मेन बंद केलात? पाटी? ... हो हो, माहितेय खाली फोन लागत नाही. छोटं काम आहे हे तुम्ही दर वेळी म्हणता. ... कॉल बंद धरू? बरं. पण वर आलात की आधी फोन करा, भावोजी.”

महिनाअखेर होती. दुपारच्या जेवणाआधी धाकट्या मालकांनी केबिनमधून मान बाहेर काढली आणि वडिलांचंच वाक्य वडिलांच्याच सुरात म्हटलं, “ताई, उरलेले बंद करून टाका, बिलं जाऊ देत.”

“करते.”

काकांच्या स्क्रीनवर एकाखाली एक ओळी यायला लागल्या. काम पूर्ण, उरलेला माल परत घ्यावा. काम पूर्ण, उरलेला माल परत घ्यावा. काका चष्मा पुसून बघत होते. त्यात एक ओळ लाल बटणाची होती.

इतक्यात झालं? असेल बुवा. पोरगा हाताचा चपळ आहे. आपल्याला सिस्टीममधलं काय कळतं, उगाच विचारून हसं करून घ्यायचं. असं मनात म्हणत काका खुर्चीत बसून राहिले. मग बसवेना म्हणून उठले आणि जाळीशी आले.

“ताई, तुमचा दीर वर आला का?”

“नाही अजून. का हो?”

“नाही, काही नाही. इथं काम पूर्ण दाखवतंय.”

“मीच बंद केला कॉल. महिनाअखेर ना.” ताई पाठमोऱ्याच बोलत होत्या.

“आणि मेसेज पण गेला बघा,” अकाउंटवाला मान वर न करता म्हणाला. तो नव्या सोयीवर खूश होता. “झटक्यात जातो.”

“कसला मेसेज?”

“वॉचमनला. काम पूर्ण झाले आहे, लिफ्ट सुरू करावी. आता तो बिचारा विचारायला फोन करणार नाही तुम्हाला.”

ताईंनी हळूच केसांतलं पेन काढून टेबलावर ठेवलं. ते का काढलं, कुणास ठाऊक. काकांना एवढंच दिसलं की ते गडगडत खाली पडलं आणि ताईंनी उचललं नाही.

त्यांनी दिराचा फोन लावला. लागला नाही. लागणारच नव्हता. मग वॉचमनचा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. अकाउंटवाला आता उभा होता. स्क्रीनवर त्या मेसेजसमोर बारीक अक्षरात शब्द होता, “वाचला”.

सिस्टीम सगळं सांगत होती. मेसेज गेला, पोचला, वॉचमनने वाचला. आता तो कुठल्या पायरीवर आहे, तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

धाकटे मालक धावत बाहेर आले. “दुसरा मेसेज टाका. सुरू करू नका म्हणून.” अकाउंटवाल्याने कॉल परत उघडायला घेतला, तर कारण लिहा म्हणून चौकट आली. त्याला काय लिहावं सुचेना. शेवटी त्याने नुसतं एक टिंब टाकलं. मेसेज गेला. सगळे त्याच्यासमोरच्या शब्दाकडे बघत राहिले. “पोचला.” पुढे काही नाही. वॉचमन फोन खाली स्टुलावर ठेवून गेला असणार. जिना चढताना कशाला लागतो फोन?

काका जाळीमागेच होते. बाहेर यायला दार होतं, पण ते सुचलं नाही. सकाळी आपणच हाताने दिलेलं ते लाल बटण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. खोक्यातून काढलेलं, कोरं, अजून कुठल्याही भिंतीला न लागलेलं. खाली तो असेल शीळ घालत, स्क्रू पिळत. मग वरून घरघर सुरू होईल. ती ऐकू आल्यावर त्या खड्ड्यात माणूस जाणार कुठे?

“त्या इमारतीतला दुसरा कुणाचा नंबर आहे?” ताईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. “माझ्याकडे वॉचमनचाच आहे.”

“माझ्याकडे बिलाचा असेल,” अकाउंटवाला म्हणाला. “सोसायटीच्या खजिनदार बाईंचा. शेवटच्या मजल्यावर राहतात. पण त्या फार भांडतात.”

“सांग.”

त्याचा आकडा चुकला, पुन्हा सांगितला. ताईंनी लावला. फोन उचलल्याबरोबर पलीकडचा आवाज जाळीपर्यंत आला.

“बिलासाठीच ना? लिफ्ट बंद, पण बिल कसं वेळेवर.”

आणि मग काकांना जे ऐकू आलं ते त्यांनी रोज ऐकलेलं होतं. तोच आवाज. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलायचा तो. ताईंचा एक हात टेबलाच्या कडेला इतका घट्ट धरलेला होता की बोटं पांढरी पडली होती, आणि आवाज मात्र स्वयंपाकघरातून शेजारणीशी बोलावं तसा.

“बिल राहू द्या बाई. दार उघडता का जरा? वॉचमन वर जाताना दिसला का?”

“आत्ताच गेला की धापा टाकत. तुम्हीच कळवलंत ना, सुरू करा म्हणून? आधी करा म्हणायचं, मग...”

“त्याला हाक मारा. मेन स्विचला हात लावू नको म्हणावं. खाली पिटमध्ये माणूस आहे.”

“माणूस? कोण माणूस?”

“माझा दीर आहे.”

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला असावा, कारण ताई एकदम गप्प झाल्या. पुढचं जे काही होतं ते फक्त त्यांच्या कानात होतं. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्या पाठीवरून काही कळेल का म्हणून बघत राहिले. पाठ हलत नव्हती. धाकटे मालक काहीतरी विचारायला पुढे झाले, तशी ताईंनी मागे न बघता हात वर केला. कुणी बोलायचं नाही.

काकांना फार वाटत होतं की आपण काहीतरी म्हणावं. घाबरू नका हं. लिफ्ट पडत नसते. मी आहे की. ताईंचेच शब्द, पण ते ताईंना कसे म्हणायचे?

मग पाठ हलली. खांदे खाली आले.

“हो, ऐकतेय,” ताई म्हणाल्या. “हात कुठे होता म्हणालात? ... आणि पाटी? ... बरं. बरं. आता त्याला तसाच खाली पाठवा, पिटमधल्या माणसाला बाहेर बोलवायला. आणि बाई, तो माणूस बाहेर येईपर्यंत तुम्ही त्या स्विचपाशी उभ्या राहाल का?”

“या वयात?” एवढं जाळीपर्यंत आलं.

“खुर्ची घेऊन जा.”

वॉचमनने पाटी काढून खिशात घातली होती आणि हात स्विचवर ठेवला होता. मेसेज आलाय म्हणजे माणूस गेला असेल, पाटी मात्र विसरला असेल, असं त्याला वाटलं. त्यात त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं?

थोड्या वेळाने ताईंचा फोन वाजला. ताईंनी उचलला, कानाला लावला आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. हॅलोसुद्धा नाही. काका तेव्हा कुठे दार उघडून बाहेर आले होते. ताईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

“वहिनी? अहो वहिनी, हे काय, अर्ध्या कामातून वर बोलावलंत? इथं वॉचमन रडतोय.”

“मी बोलतोय,” काका म्हणाले. “तू बाहेर आलास का?”

“बाहेर आलो. पण झालंय काय, काका?”

“काही नाही. बाहेर आहेस ना, मग झालं.”

ताई संडासात जाऊन बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. खाली पडलेलं पेन उचलून त्यांनी केसांत खोचलं आणि वाजणारा फोन घेतला. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. “घाबरू नका हं,” ताई म्हणाल्या.

नंतर धाकट्या मालकांनी कॉल बंद करायचा अधिकार ऑफिसातून काढून मिस्त्र्याच्या फोनवर दिला. ताईंना तेवढ्याने चैन पडेना. बटण काय, खिशातल्या खिशातही दाबलं जातं, त्या म्हणाल्या. मला आवाज ऐकू आला पाहिजे. मग असं ठरलं की मिस्त्र्याने आधी ताईंना फोन करायचा आणि तोंडाने म्हणायचं, “बाहेर आलो.” मगच काम पूर्ण. सिस्टीममध्ये त्याला चौकट नव्हती, ती नंतर करून घेतली. मिस्त्री चेष्टा करायचे. “ताई, बाहेर आलो, आणि सासुरवाडीच्या तावडीतूनही बाहेर आलो.” पण म्हणायचे सगळे. न म्हणता घरी गेलेल्या एकाला ताईंनी जेवत्या ताटावरून उठवलं होतं.

सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. “त्यांना ऐकू येत नाही ते त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं, काका,” एवढंच ताई एकदा बोलल्या. पण भीती काही गेली नाही. एखादा फोन यायला उशीर झाला की बोलता बोलता त्यांचं वाक्य मध्येच तुटायचं. हात टेबलाच्या कडेला जायचा. हे काका जाळीतून बघायचे आणि मुकाट्याने खोकी लावायचे. पुढे पुढे ताई संध्याकाळी मिस्त्र्यांनाच नाही, सगळ्यांनाच विचारायला लागल्या. अकाउंटवाल्याला, झाडूवाल्या बाईंना, काकांना. दिवे मालवायच्या आधी हाक मारायच्या, बाहेर आलात का?

त्यांच्या ऑपरेशनचं ऑफिसात कुणाला फारसं माहीत नव्हतं. आदल्या शुक्रवारी त्या कामावर होत्या. दीर बाहेर गाडी काढत होता. काका स्टोअरमध्ये खोकी आवरत होते, तर ताई जाळीशी येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी अशा यायच्या नाहीत.

“ऑपरेशनचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “साधं आहे म्हणतात. पण थिएटर वरच्या मजल्यावर आहे. आडवं घालून लिफ्टने नेतील.”

त्या दिवशी राहून गेलेलं वाक्य एकदम काकांच्या तोंडात आलं. “घाबरू नका, ताई. लिफ्ट पडत नसते.”

ताई हसल्या. “मला सांगता होय? भावोजींना विचारलंय मी. आपल्या कंपनीची नाही ती, म्हणून जरा धीर आहे.”

त्या दाराशी गेल्या आणि थांबल्या. लिफ्टने त्यांना नीट वर नेलं आणि नीट खालीही आणलं, पण त्या परत आल्या नाहीत, हे पुढचं. त्या संध्याकाळी काकांना ते माहीत नव्हतं. त्यांनी शेवटचं खोकं सरकवलं, दिवा मालवला आणि अंधारात किल्ली चाचपडत होते.

“काका, बाहेर आलात का?”

“आलो, आलो.”

“कुलूप ओढून बघा एकदा.”

“बघितलं.”

“बरं. येते मी.”

“या,” काका म्हणाले.